धवल्यातलं नाव

मनस्वीच्या फोनमध्ये लग्नांचे तीनशे बारा फोटो होते. एकशे चाळीस मंडपांचे, नव्वद हळदीचे, बाकीचे कपड्यांचे. त्यातलं एकही माणूस तिच्या ओळखीचं नव्हतं. "आपलं लग्न आपल्यासारखं दिसलं पाहिजे," ती प्रणयला म्हणाली.

म्हणून जुईनगरच्या हॉलमध्ये हळदीला मासळीची जाळी टांगली, थर्माकोलची होडी ठेवली आणि तिच्यावर दोघांची नावं चार-चार फुटी अक्षरांत लावली. मनस्वीची आजी जमुना पन्नास वर्षं गावोगावच्या हळदीत धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गात आली होती. ती सकाळपासून तयार होऊन बसली होती.

"मी कवा गायाचं गो?"

"आजी, दोन ओळी झाल्या की तुला खोकला येतो. तुझंच जुनं रेकॉर्डिंग मिळालंय, जासई गावच्या एका हळदीतलं. आवाज एकदम क्लीन आहे. तेच लावतोय. तू फक्त पुढच्या खुर्चीत बस."

"पन धवल्यान नवरीचं नाव घ्यावं लागतं."

"नाव केवढं मोठं लावलंय बघ ना. गेटवरूनसुद्धा वाचता येतं."

"मना कुठं वाचाला येतं," आजी म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

हळद लागली. स्पीकरवर आजीचा आवाज चाळीस मिनिटं चालला आणि पाहुण्यांनी त्याचे व्हिडिओ काढले. त्या चाळीस मिनिटांत नवरीचं नाव सव्वीस वेळा आलं. सव्वीसही वेळा ते ईश्वरी होतं.