तोंड मिटलेला बाप

“साहेब, धडधाकट माशाला मारायला निघालात तुम्ही,” रोहिणी तांडेल भर कचेरीत म्हणाली.

किनाऱ्यावरच्या त्या मत्स्यालयात टाक्या धुण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. साहेबाला येऊन महिनाही झाला नव्हता, पण त्याच्याकडे नियम होता: आठवडाभर न खाणारा मासा आजारी समजायचा आणि फेकायचा. काळ्या पट्ट्यांच्या बोटभर कार्डिनल माशाने दहा दिवस कशालाच तोंड लावलं नव्हतं.

“त्याच्या तोंडात अंडी आहेत. या जातीत मादी अंडी घालून मोकळी होते, नर ती तोंडात धरून उपाशी राहतो.”

“बाप्या उपाशी राहून पोरं सांभाळतो?” साहेब हसला. “बाई, मलाही दोन पोरं आहेत.”

“म्हणूनच तुम्हाला पटत नाही.”

कारकून खोकला. साहेबाने रागारागाने नोंदवहीत ‘मृत’ लिहून सही ठोकली. रोहिणीने मासा बादलीत घेतला आणि गटारात न टाकता भांडारातल्या जुन्या टाकीत सोडला.

पंधराव्या दिवशी तिने काचेची बरणी आणून साहेबाच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध ठेवली. आत तिळाएवढ्या डोळ्यांची तीसेक पिल्लं सुळसुळत होती.

“बाप सकाळपासून हादडतोय, पण वहीत तो पंधरा दिवसांपूर्वीच मेलाय,” असं म्हणत तिने पेन पुढे केलं. “मग ही पोरं कुणाची लिहू? लेखी सांगा, साहेब.”