कराड चावीवाला डॉट कॉम

भर दुपारी शटर धाडकन खाली आलं, बाहेरची कडी अडकली आणि हत्यारांची पिशवी राहिली स्कूटरवर. पत्र्याच्या दुकानात भानुदास चावीवाला पापडासारखा भाजायला लागला.

बायकोला फोन केला. "पुन्हा गंमत होय? मी नाही फसायची!" तिनं फोन ठेवला.

मग मोबाइलवर दुसरा चावीवाला शोधला. कराड चावीवाला डॉट कॉम, मलकापूर चावीवाला डॉट कॉम... आता घ्या! प्रत्येक पानावर त्याचाच हसरा फोटो, त्याचाच नंबर. इतरांची गिऱ्हाइकं पळवायला सगळ्या गावांच्या नावाच्या वेबसाइट त्यानंच घेऊन ठेवलेल्या.

फटीतून समोर इलाहीचाचा दिसले. चाव्यांचा धंदा बसल्यापासून फुटपाथवर डुलक्या काढणारे.

"चाचा, शटर उघडा हो! जीव चाललाय!"

"वेबसाइटवर बघ की बाळा," चाचा डोळे न उघडता म्हणाले. "बोलावलं की लगेच येतो म्हणे."