त्याच्याच आवाजात

ज्याची स्मृती दुखावली आहे, तो मनुष्य इतरांच्या सचोटीवर विसंबून जगतो. ती सचोटी मोडणे हे चोरीहून हीन होय. कारण आपले काही गेले, हेदेखील त्याला कळत नाही.

अपघातात डोक्याला मार बसल्यापासून घड्याळजीच्या हातांचे कसब शाबूत होते, मात्र घटकेपूर्वीचे काही मनात टिकत नव्हते. हातात सदैव चिमटा असे, म्हणून प्रत्येक नोंद तो मोबाइलला बोलून ठेवी. वेळ झाली की मोबाइल त्याच्याच आवाजात सांगे, ‘काटे काढून डाव्या बशीत ठेवलेत.’

आज मोबाइल नुसता वाजला. त्याने पडद्यावरची अक्षरे वाचली : दुकान धाकट्याला देण्याचे ठरले आहे. किल्ली आज द्यावी.

धाकटा भाऊ समोरच उभा होता. घड्याळजी निमूटपणे कमरेची किल्ली सोडू लागला.

“थांबा,” त्याची बायको म्हणाली. “हे कधी ठरलं?”

“यात आहे म्हणजे ठरलं असेल. माझ्याच लक्षात नसेल.”

“तुम्ही बोलला असाल, तर तुमचा आवाज ऐकू दे.”

तिने मागच्या नोंदी एकामागून एक लावल्या. साऱ्या बोलल्या. ही एकच मुकी निघाली.

“भाऊजी, हे तुम्ही लिहिलंत.”

“मी लिहिलं काय, दादा बोलला काय,” धाकट्याने खांदे उडवले. “त्याला कुठं काय कळतंय, वहिनी? उगाच राईचा पर्वत करू नका.”

“त्यांची आठवण गेलीय. दुकान नाही गेलेलं.”

घड्याळजी ओशाळून भावाला म्हणाला, “चूक माझीच असेल रे. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अपराध एकाचा, आणि क्षमा मागावी याने? तिने ती मुकी नोंद पुसली आणि मोबाइल नवऱ्याच्या तोंडाशी धरला.

“आता तुम्हीच बोला. दुकान द्यायचंय?”

अर्धवट सोडलेली किल्ली त्याने पुन्हा कमरेला अडकवली.

“नाही,” तो मोबाइलला म्हणाला. “दुकान माझ्याकडेच राहील.” मग जरा थांबून, “धाकटा आलाय. त्याला चहा विचारायचा राहिलाय.”

तिने दोन्ही वाक्ये तशीच राहू दिली. उद्या त्याला यातले काही आठवणार नाही. तिला सारे आठवेल. परमेश्वर दोघांना बळ देवो, आणि धाकट्याला, तो चहा घेताना मान खाली जाईल एवढी लाज.