मानाची शिट्टी

अगं, ऐक तर! आमच्या गावची रेल्वेगाडी बंद झाली तर मला शाळेसाठी घर सोडावं लागणार होतं. "गाडी वाचवीन" म्हणूनच तर मोरिवाकीताई नगराध्यक्ष झाल्या! त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही पोरी दर रविवारी ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात उगाच गाडीने येरझाऱ्या घालायचो, प्रवासी जास्त दिसावेत म्हणून. तरी प्रांतातल्या नगराध्यक्षांच्या वाहतूक समितीने गाडी बंद केलीच.

शेवटच्या दिवशी ताई मानाच्या स्टेशनमास्तर होत्या. टोपी घालून ढसाढसा रडत होत्या, मीही त्यांचा हात घट्ट धरून रडले. तेवढ्यात शेजारगावचे नगराध्यक्ष कमरेत वाकून त्यांना म्हणाले, "समितीत गाडी बंद करायला पहिला हात तुम्ही वर केलात, म्हणून आम्हाला धीर आला."

 

ताईंनी डोळे पुसले आणि निरोपाची शिट्टी माझ्या हातात दिली. "वाजव गं, बाळा!"

तू काय केलं असतंस?