मास्तरांची हिब्रू

चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली तेव्हा अख्खी वसई सुखावली. फर्डिनंड मास्तरांनी मात्र म्हातारपणी हिब्रू शिकायला घेतली. “देवाला आपली बोली कळत नाय का?” आल्बिना नवऱ्याला चिडवायची. “कळते गं, पण बायबलच्या मूळ शब्दांत त्याचा श्वास जाणवतो,” मास्तर म्हणायचे. मग अर्धांगाचा झटका आला आणि मास्तरांची मराठी गेली. जिभेवर उरली फक्त हिब्रू. सकाळपासून आल्बिनाचं मनगट धरून ते एकच ओळ कळवळून म्हणत होते. तिनं पाणी पाजलं, उशी सरकवली. ते रडकुंडीला आले. फादरही हात टेकून गेले. शेवटी त्या भाषेतला तिला येणारा एकच शब्द ती बोलली: “आमेन.” मास्तरांचे डोळे लकाकले. आपलं बोलणं समजणारं माणूस सापडलं म्हणून ते भडाभडा सगळं सांगू लागले आणि आल्बिना नुसती मान डोलावत राहिली.