धुरपताबाईचा हात

दवाखान्यात हातापायांचे व्यायाम करवून घेणाऱ्या गुंजनने धुरपताबाईच्या डाव्या हातात काळा हातमोजा चढवला आणि त्याची वायर मशीनला जोडली. दुसरा हातमोजा, जाडजूड, बोटांवर नळ्या बसवलेला, समोर बसलेल्या शामकलाबाईच्या डाव्या हातात आधीच होता. लकवा मारल्यापासून त्या हाताची मूठ जी मिटली होती ती उघडायचं नाव घेत नव्हती.

"हे मशीन पेशंटच्या चांगल्या हाताची नक्कल करतं," गुंजन म्हणाली. "पण यांचा चांगला हात पडून मोडला, प्लास्टरमध्ये आहे. म्हणून तुमचा घेतला. तुम्ही जे कराल, तेच यांचा हात करेल. चलो मावशी, मूठ उघडा."

धुरपताबाईने मूठ उघडली. समोर शामकलाबाईची, तिच्या मोठ्या जावेची, मूठ उघडली. हिने मिटली, तिची मिटली.

"अवो बाई!" धुरपताबाई म्हणाली आणि उगाचच एक बोट हलवून पाहिलं. तेही हललं.

असं आजवर कधी झालं नव्हतं. दोघी जावा एकाच ओसरीत बिड्या वळत म्हाताऱ्या झाल्या, आणि शामकलाच्या हाताकडे बघून पान कसं कापायचं, जर्दा किती घ्यायचा, हे नेहमी धुरपताबाईनेच उचललं. बिड्या तपासून घेणारा मुन्शी शामकलाचं सूप न बघताच पेटीत रिकामं करायचा. हिच्या बिड्या मात्र एकेक उचलून उजेडात धरायचा, जसा काही त्यातून नागझिऱ्याचा वाघच निघणार होता. हे सगळं गिळून धुरपताबाई आज जावेला बसमधून धरून धरून गोंदियाला घेऊन आली होती. आणि इथेही काय, तर आल्या आल्या या पोरीने तो लुळा हात कुरवाळत म्हणावं, "क्या सुंदर उंगलियां हैं मावशी!" मेलेल्या हाताचंही कौतुक! धुरपताबाईच्या अंगाचा तेव्हापासून तिळपापड होत होता.

"आज जोर लावा," गुंजन म्हणाली. "मशीन एकच आहे, बाहेर माणसं थांबलीत. बोटांत जीव दिसला तर पुढं चालू ठेवते. नाही तर नंबर दुसऱ्याला द्यावा लागेल." आणि ती पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेली.

धुरपताबाईने मूठ उघडली. अर्धीच उघडली. समोरचीही अर्धीच उघडली. पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. आपण काही वाईट करत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. मूठ उघडत तर होती. पण ओसरीत आपण एकटीच सूप घेऊन बसलोय आणि मुन्शी झक मारत आपल्याच बिड्यांना चांगलं म्हणतोय, हे काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. फार गोड वाटत होतं ते.

गुंजन परत आली तेव्हाही मूठ अर्ध्यातच अडकत होती. तिने वायर हलवून पाहिली, स्क्रीन पाहिला. "मशीन तो ठीक है. हातच साथ देत नाही वाटतं," ती उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाली आणि शामकलाबाईच्या मनगटावरचा पट्टा सोडू लागली.

शामकलाबाई मघापासून आपल्या हाताकडे बघतच नव्हती. ती धुरपताबाईच्या हाताकडे बघत होती.

"थांबा, मॅडम. माहा हात ठीक हाय. हिचाच उघडत नाही. लगन होऊन आली तवापासून असाच हाय. जमते तेवढं करते बिचारी."

"काऊन जी बाई?" धुरपताबाई उसळली. "काय बोलून राहिल्या तुम्ही?"

"हाय ते सांगून राहिली. जमत नसन तं राहू दे. सगळ्याइले थोडीच येते?"

"मले येत नाही? मले?"

धुरपताबाईचा पंजा फाडकन उघडला. समोर शामकलाबाईचा उघडला, कळ थेट खांद्यापर्यंत गेली असणार, कारण तिने ओठ दातांखाली दाबला. धुरपताबाईला तर आता कशाचंच भान नव्हतं. तिने हवेतच पान धरलं, जर्दा पसरला, गुंडाळी केली, अंगठ्याने बिडीचं तोंड आत मोडलं. "पाहा! पाहून घ्या!" एक झाली की दुसरी वळायला घेतली. समोरचा हातही तिच्या मागोमाग बिड्या वळत राहिला.

गुंजनने हळूच मशीनचं बटण बंद केलं. धुरपताबाईला कळलंही नाही, तिचं चालूच होतं. समोरची बोटं मात्र थांबली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग शामकलाबाईचा अंगठा थरथरला, आत वळला आणि आपला आपणच सरळ झाला.

"मावशी!" गुंजन ओरडली. "ये तो खुद से हुआ! आता नंबर कुणाला देत नाही मी."

धुरपताबाईने तो अंगठा पाहिला. तिला आनंद झाला, खरोखरच झाला. आणि त्याच्या पाठोपाठ पोटात आगही पेटली. हा हात आता परत येणार, परत शेजारी येऊन बसणार.

"पुढच्या वेळी सुनेला आणा," गुंजन हातमोजे उतरवत म्हणाली. "तरुण हात आहे. या मावशी थकून जातील."

"सून नोको," शामकलाबाई म्हणाली. "थे माह्या हाताकडं पायते अन् रडते. हे धुरपता जळते. मले जळणारीच पायजे."