सरांचा कण

सेमिनारच्या खोलीत सर पहिल्या रांगेत बसले होते. हातात चहाचा मग. मगावर एका कणाचं नाव, म्हणजे सरांचंच आडनाव. कण अजून कोणाला सापडला नव्हता, पण असे दोनशे मग छापून झाले होते.

पडद्यापाशी त्यांची जुनी विद्यार्थिनी उभी होती. कणाची कल्पना बारा वर्षांपूर्वी तिला सुचली होती. शोधनिबंध छापताना सरांनी तिचं नाव गाळलं. “जागा पुरली नाही गं,” म्हणाले होते. आभारात कॅन्टीनवाला होता.

“हा जुना तारकागुच्छ,” तिने सुरुवात केली. “इथे काही म्हातारे तारे फुगून लाल झालेत. काही त्याच्या पुढच्या टप्प्यावर, पोटात हेलियम जाळतायत. सरांचा कण खरा असेल, तर तो या हेलियमवाल्यांच्या पोटातली उष्णता चोरून पळतो.”

“चोरून?” सर हसले.

“शब्द माझा आहे सर. आवडला तर घ्या.”

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

“उष्णता गेली की इंधन लवकर संपतं, तारे लवकर मरतात. म्हणजे शंभर लालांमागे हेलियमवाले नव्वदच उरायला हवेत. कण नसेलच, तर एकशे चाळीसच्या आसपास.”

“आणि आहेत किती?”

“मलाही माहीत नाही.”

तसा नियमच होता. मोजणाऱ्याचा हात मनातल्या आकड्याकडे वळू नये, म्हणून कॉम्प्युटर उत्तर झाकून ठेवायचा. उघडायचं ते सगळ्यांसमोर. तिने बटण दाबलं.

एकशे एकोणचाळीस.

बिस्किटं चावण्याचा आवाज थांबला.

“काहीतरी चुकलंय,” सर म्हणाले.

“तिघांनी वेगवेगळं मोजलंय, सर. त्यातल्या दोघांचा तर तुमच्यावर रागही नाही.”

सर उठले, हातातला मग टेबलावर ठेवला, घसा साफ केला.

“आज एक गोष्ट मला सांगायलाच हवी. ही कल्पना मुळात हिची. माझी नाहीच. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. निबंधात आजच हिचं नाव घालून घेतो. पहिलं!”

हे वाक्य ऐकायला ती बारा वर्षं थांबली होती. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“नको सर,” ती म्हणाली. “जागा पुरणार नाही.”

आणि टेबलावरचा मग उचलून, आडनाव सगळ्यांना दिसेल असा फिरवून, तिने तो सरांच्या हातात दिला.